इंजिनचा पिवळा लाईट लागून रायला, गाडी ४० च्या वर पळेना. डीपीएफ (धुराची जाळी) बदलाच लागते का?

वावरवाला_घाटंजी
नमस्कार मंडळी. डिझेल गाडी हाये, २०२१ ची, बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाची), ५२ हजार किमी झाले. महिन्याभरापासून तो पिवळा इंजिनचा लाईट मधीच लागे, मधीच जाये. म्या म्हटलं असंन काही सेन्सर-बिन्सर, वेचाईचे दिवस, मजूर भेटत नाई, कोण जाते यवतमाळले गाडी दाखवाले. चालत तं होती बरोबर. परवा आईले घेऊन सावंगीच्या दवाखान्यात निघालो, कळंब सोडलं, वर्धा नदीचा पूल गेला अन् भिडीच्या जवळ एकदम पिकअपच गेला. ॲक्सिलेटर पार खाली दाबला तरी काटा ४० च्या वर जाईना, मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून रायले, आई म्हणे डिझेल सरलं का रे पाय एकडाव. रांगत रांगत पोचलो, नंबर हुकला, दुपारी साडेतीनले डॉक्टर भेटले.
शोरूममधी स्कॅनर लावला, पी२४६३ कोड आला, म्हणे डीपीएफ चोक झालं, बदलाच लागते, वारंटी संपली. कोटेशन लाखाच्या जवळपास. बारा-तेरा क्विंटल कापूस झाला न बाप्पा हा! खरंच बदलाच लागते का, का मले बह्याड समजून रायले? कोणाले अनुभव असंन तं सांगा.

पाना_पक्कड
भाऊ आर्वीले छोटं गॅरेज हाये माझं. आधी एक सांगा, गाडी रोज कुठं कुठं जाते? अन् ऑइलची पट्टी काढून पाहा, लेव्हल कुठवर हाये.

वावरवाला_घाटंजी
घर ते वावर ४ किमी, पोरीले शाळेत सोडाले २ किमी. घाटंजीले महिन्यातून तीन-चार डाव. यवतमाळ क्वचित. पट्टी पाहिली, ऑइल मॅक्सच्याही वर हाये. म्या तं टाकलं नाई ऑइल, मंग वाढलं कसं?

पाना_पक्कड
तेच पाह्याचं होतं. आता ऐका, थोडं लांबन लागंन.
डीपीएफ म्हंजे सायलेन्सरच्या लायनीत बसवलेली जाळी, धुरातली काजळी तिथं अडकते. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं तवापासून बहुतेक डिझेल गाड्याईले हे आलं. जाळी भरत आली की गाडी आपल्या मनानंच जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळते, सहाशे डिग्रीच्या आसपास गरमी लागते तिले, म्हणून गाडी साठ-सत्तरनं पंधरा-वीस मिनिटं सलग पळाली पाह्यजे. तुमची गाडी ४ किमीवर बंद. काजळी जाळाले सुरुवात झाली की तुम्ही वावरात पोचले अन् चाबी काढली, संध्याकाळी परत तेच. चूल पेटवाची अन् भात शिजाच्या आधी पाणी ओताचं, असं रोज चाललं तं चुलीचं काय होईन. अन् ते न जळलेलं डिझेल पिस्टनच्या बाजूनं खाली ऑइलमधी उतरते, म्हणून पट्टीवर लेव्हल वाढली. ते ऑइल आता पातळ झालं, पहिले ते बदला, बाकीचं नंतर. कॅनवर सी३ (कमी राखेचं ऑइल) लिहिलेलं पाहूनच घ्या, स्वस्तातलं साधं ऑइल टाकलं तं त्याची राख जाळीत बसते अन् राख जळत नाई, काजळी जळते.
पी२४६३ चा अर्थ काजळी जास्त झाली एवढाच हाये. जाळी फुटली-बिघडली असं तो कोड सांगत नाई. स्कॅनर लावून उभ्या गाडीत जबरदस्तीनं रिजनरेशन (काजळी जाळणं) करता येते, नाई झालं तं काढून साफ करता येते, बदलाचं लय नंतर. ५२ हजारात राखेनं जाळी सहसा भरत नसते. दुसऱ्या जागी दाखवा.
अन् एक, रिजनरेशन चालू असताना पंखा जोरात फिरते, उभ्या गाडीचा आरपीएम वाढते, जळका वास येते. अशा वेळी गाडी वाळल्या गवतावर, कुटारावर, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ अजिबात उभी करू नका. खालून सायलेन्सर लय तापलेलं असते.

शेट_मुर्तिजापूर
कायले एवढी झंझट भाऊ. डीपीएफ काढून आत पाईप टाका, सॉफ्टवेअर मारून घ्या, माझ्या मावसभावानं केलं, गाडी पहिल्यापेक्षा जबर पळते.

बाई_राळेगाव
शेट, असले सल्ले देऊ नका हो. कंपनीनं दिलेलं प्रदूषणाचं सामान काढणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, पीयूसीच्या वेळी धूर पकडला जातो तो वेगळाच, आणि उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा विचारेलच.
माझी पेट्रोल गाडी आहे, पण लाईटकडे दुर्लक्ष करण्याचा माझाही अनुभव आहे म्हणून लिहिते. शाळा सुटल्यावर निघाले, बॅटरीचं लाल चिन्ह लागलं. मला वाटलं बॅटरी जुनी झाली असेल, उद्या बघू. दहा-बारा किमीवर आधी हेडलाईट मंद, मग स्टेअरिंग जड, मग मीटरवर सगळेच लाईट दिवाळीसारखे लागले आणि गाडी बंद. बेल्ट तुटला होता, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरतच नव्हता आणि गाडी नुसत्या बॅटरीवर चालली होती. तेव्हाच एसी-पंखा बंद केला असता तर गावापर्यंत आले असते. दोन्ही बाजूंनी तुरी, मोबाईलला एक कांडी नेटवर्क, अंधार. बैलगाडी घेऊन एक काका आले म्हणून बरं.
तेव्हापासून मी एवढंच धरलंय, लाल लागलं की तिथेच थांबायचं, पिवळं लागलं की त्याच आठवड्यात दाखवायचं. आणि पेट्रोल गाडीत पिवळा इंजिन लाईट उघडझाप करत असेल, गाडी थरथरत असेल, तर मिसफायर असतो, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, तसंच दामटलं तर न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

पाना_पक्कड
बाई बरोबर बोलल्या. ते किटलीसारखं लाल चिन्ह लागलं तं एक किलोमीटरही नाई, तिथंच बंद. ऑइलचं प्रेशर गेलं म्हंजे इंजिन जाम व्हाले वेळ लागत नाई. अन् टेम्परेचरचा लाल लागला तं रेडिएटरचं झाकण गरम असताना खोलू नका. चिखलदऱ्याच्या घाटात एका गिऱ्हाइकानं खोललं होतं, कोपरापर्यंत हात भाजला.

परतवाड्याचा_पोट्टा
माहा पण असाच लाईट लागे, बॅटरीचा टर्मिनल दहा मिनिटं काढला, गेला लाईट 😄

पाना_पक्कड
लाईट गेला, दुखणं तिथंच हाये लेका. वरून मेमरीतला कोड पुसला जाते, मंग मेस्त्रीले पण समजत नाई कुठून सुरुवात कराची.

खर्रा_किंग
कोणी उंदराचं बोलूनच नाई रायलं. कापूस घरात भरला की पोर्चमधल्या गाडीत उंदीर येतेच. माह्या गाडीत इंजिन लाईट लागला, तीन ठिकाणी दाखवली, शेवटी एका म्हाताऱ्या वायरमननं बोनेट उघडून टॉर्च मारला तं सेन्सरची वायर कुरतडलेली, दोनशे रुपयात काम झालं. कोणी म्हणे तंबाखूची पानं बांधा, बांधली, आठ दिवसात तेही गायब, आमच्या यवतमाळच्या उंदराले पण खर्रा लागते वाटते. आता रात्री बोनेट उघडंच ठेवतो, उजेड-हवा लागली की बसत नाई. भाऊ तुम्ही डीपीएफच्या सेन्सरचे रबरी पाईप पण पाहून घ्या.

वावरवाला_घाटंजी
अपडेट देतो मंडळी, उशीर झाला, सरकी उचलाची होती. वर्ध्याले दुसऱ्या एका मेस्त्रीकडे नेली. पाईप चांगले निघाले, उंदराचं काही नाई, खर्राभाऊ माफी. ऑइल अन् ऑइल फिल्टर बदललं, मंग स्कॅनर लावून अर्धा-पाऊण तास गाडी उभ्यानं गरम केली. पहिल्या डावाले मधीच अटकली, दुसऱ्या डावाले झाली. ऑइलसकट साडेसात हजारात काम झालं. येताना देवळीपासून यवतमाळपर्यंत चौथ्या गिअरमधी आणली, पिकअप आला परत, लाईट अजून तरी नाई.
मेस्त्री म्हणे आठवड्यातून एक डाव अशीच लंबी फिरवा. आता वावरात जाले जुनी मोटारसायकल काढली अन् दर रविवारी आईले घेऊन कळंबच्या चिंतामणीले जाऊन येतो. आईले वाटते पोरगा लय देवभक्त झाला, म्या पण काही सांगतलं नाई.

पाना_पक्कड
😂 पुढच्या रविवारी पट्टी पाहा परत, लेव्हल चढली तं फोन करा.