घरच्या वर्कशॉपसाठी अल्ट्रासॉनिक क्लीनर: केवढा घ्यावा, आत काय टाकावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. घरामागच्या टिनाच्या खोलीत छोटंसं वर्कशॉप आहे. एक बेंच, एक व्हाइस, ड्रिल मशीन आणि धाकट्या भावाने दिलेला लहान कॉम्प्रेसर, एवढंच. नोकरी वेगळी आहे, हे रविवारचं काम.

सध्या बाबांची टू-स्ट्रोक चेतक उघडून बसलो आहे. बाबा गेल्यापासून तीन वर्षं ती पोर्चमध्ये तशीच उभी होती, टाकीतल्या पेट्रोलसकट. कार्बोरेटर काढला तर फ्लोटच्या वाटीत काकवीसारखा घट्ट, तपकिरी चिकटा. मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा) कार्ब क्लीनरच्या स्प्रेने मोकळा झाला. पायलट जेट, म्हणजे आयडलचा, काही केल्या होत नाही. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि बॉडीतल्या आडव्या-तिडव्या नळ्यांमध्ये तर नजरच पोचत नाही. जेटमध्ये तार घालायची माझी तयारी नाही. पितळ मऊ असतं, भोक जरासं मोठं झालं की हवा-पेट्रोलचा मेळ कायमचा बिघडतो.

गॅरेजात द्यायचीही भीती वाटते, त्याचं कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आईच्या लुनाचा कार्बोरेटर एका गॅरेजात साफ करायला दिला होता. त्यांनी तो रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवला. हातात आला तेव्हा बॉडी काळी ठिक्कर पडलेली, गास्केट बसायची जागा खडबडीत झालेली. तो पुन्हा कधी नीट बसलाच नाही, पेट्रोल झिरपतच राहिलं. बाबांच्या गाडीचं तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून हे काम स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं आहे.

म्हणून अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून पार्ट धुणारं मशीन, बघून राहिलो. बजेट दहा हजारांपर्यंत. कार्बोरेटर झाल्यावर आईच्या शिलाई मशीनचं शटल, बॉबिन केस आणि लहानसहान पार्टही त्यातच धुवायचा विचार आहे. माझे प्रश्न असे:

दोन लिटर, तीन लिटर की सहा लिटर? हीटर लागतोच का? आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी तसंही हात भाजेल इतकं तापलेलं असतं. आत नेमकं काय टाकायचं? एक मित्र म्हणतो, सरळ पेट्रोल टाक, पाच मिनिटांत चकाचक. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला सांगता येत नाही. आणि आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, चांगलंच जड. चालेल का?

ज्यांनी वापरलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद, हिंगण्याहून

भाऊ, पहिले पेट्रोलचं बोलतो, कारण बाकी काही चुकलं तर पार्ट खराब होईल, इथे चुकलं तर माणूस जाईल. पेट्रोल, थिनर, रॉकेल, स्पिरिट, यातलं काहीही टाकीत टाकायचं नाही. या मशीनच्या खाली हीटर आणि इलेक्ट्रॉनिक्स असतं, ते ठिणगीपासून सुरक्षित बनवलेलं नसतं. वरून ध्वनिलहरी द्रव सारखा हलवून तापवतात, म्हणजे वाफ आणखी जोरात निघते. बंद टिनाच्या खोलीत, नागपूरच्या उन्हाळ्यात. मित्राला एवढंच सांगा. कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोलही बाहेर मोकळ्यावर काढून, पार्ट वाळवूनच मशीनपाशी न्या.

आता साफ कसं होतं ते, कारण ते कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. टाकीच्या तळाला बाहेरून ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरणाऱ्या चकत्या, चिकटवलेले असतात. ते सेकंदाला साधारण ४०,००० वेळा, म्हणजे ४० किलोहर्ट्झने, थरथरतात. त्यामुळे पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. फुटताना प्रत्येक बुडबुडा अगदी इवलासा पण जोरदार दणका देतो. जिथे पाणी शिरतं तिथे हा दणका पोचतो, म्हणून पायलट जेटच्या भोकात ब्रशपेक्षा हे बरं. आणि म्हणूनच आत हवा अडकून पाणी पोचत नसेल, तर तिथे काही होत नाही. पार्ट पाण्यात सोडताना वाकडातिकडा करून हवा काढा, मध्ये एकदोनदा उलटा करा.

मोठ्या जड कामाला २५ ते २८ किलोहर्ट्झची मशीन असतात, त्यांचा दणका दांडगा. नाजूक कामाला ८० च्या वर. तुमच्या कामाला ४० चं बरोबर आहे.

साइझ लिटरवर बघू नका, आतली लांबी-रुंदी बघा. तीन लिटरच्या टाकीचं माप साधारण २४ बाय साडेतेरा सेंटीमीटर आणि खोली १० असते. चेतकचा कार्बोरेटर खोलून त्यात आरामात बसतो. दोन लिटरची अडचणीची होते. सहाची घेतली तर दर वेळी तेवढं पाणी आणि तेवढा साबण, आणि तापायला वेळ. एक सिलिंडरच्या गाड्यांसाठी तीन पुरे.

वॉटच्या जाहिरातीत फसू नका. तीन लिटरला ध्वनीची ताकद १२० वॉटच्या आसपास असावी, म्हणजे ६० चे दोन ट्रान्सड्यूसर. काही जण हीटरचे वॉट त्यात मिळवून मोठा आकडा लिहितात. विकणाऱ्याला सरळ विचारा, ध्वनीचे किती आणि हीटरचे किती. आणि चष्मा धुवायची ती प्लॅस्टिकची डबी घेऊ नका, काहींच्या आत नुसती फिरणारी मोटर असते.

धागाकर्ता

काका, फार उपकार झाले. पेट्रोलचं मित्राला वाचून दाखवलं. त्याने कान पकडले.

हीटर आणि पाण्याचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद, इतवारीहून

दादा, आमच्या घरात सराफीचं काम आहे, दुकानात हे मशीन रोज चालतं. गाडीचं मला कळत नाही, पण पाण्याचं सांगते.

हीटर घ्याच. नळाचं पाणी तापलेलं असलं तरी ते एकसारखं राहत नाही. ग्रीस आणि चिकटा ५० ते ६० डिग्रीला सुटतो. त्याच्या फार वर नेऊ नका. पाणी उकळीच्या जवळ गेलं की बुडबुड्यांत वाफ भरते आणि त्यांचा जोर जातो. आमच्याकडे नवा मुलगा आला होता, जास्त तापवलं की जास्त स्वच्छ, असं समजून ८० वर ठेवायचा, आणि मग मशीन बिघडलं म्हणायचा.

बोअरचं पाणी धुण्याला चालून जाईल, पण वाळल्यावर पांढरे डाग उरतात आणि टाकीच्या तळाला क्षार बसतात. आम्ही शेवटची धुवण बॅटरीत टाकतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करतो. लिटरभर पुरतं.

पाणी नवं भरलं की मशीन दहा मिनिटं रिकामंच चालवायचं, म्हणजे पार्ट न टाकता. पाण्यात विरलेली हवा निघून जाते. ती असली की लहरींचा जोर तिथेच मरतो. सुरुवातीला आवाज भसाडा असतो, नंतर एकसारखा होतो, कानालाच कळतं. पण पाणी नसताना मशीन कधीच चालू करू नका.

घरचे दागिने धुवायचा मोह होईलच, म्हणून सांगते: मोती, पोवळं, पाचू, ओपल यात कधीच घालायचे नाहीत. पाचूतल्या बारीक भेगा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल निघून जातं. मोत्याची चकाकी जाते. आईचं मंगळसूत्र दुकानातच धुवून घ्या.

प्रतिसाद, हिंगण्याहून

ताईंनी बरोबर सांगितलं. मी साबणाचं जोडतो.

कार्बोरेटरची बॉडी ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते. तिला कॉस्टिक, वॉशिंग सोडा चालत नाही, तुमच्या लुनाचं तेच झालं. व्हिनेगर, लिंबूसत्वही नको. आम्लात पितळ गुलाबी पडतं, कारण जस्त निघून वर तांबं उरतं. भांड्याचा पातळ साबण, लिटरला एक चमचा, इथून सुरुवात करा. तेवढ्याने न निघाल्यास ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेला डीग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) घ्या. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या करा, मध्ये काढून बघा. तासभर लावून विसरू नका, मऊ धातूवर बारीक खड्डे पडतात आणि मशीनचीही दमछाक होते.

रबरी ओ-रिंग, गास्केट, फ्लोट, नीडल वॉल्व्ह सगळं आधी काढा. पार्ट टाकीच्या तळाला टेकवायचा नाही, जाळीच्या बास्केटमध्येच ठेवायचा. फक्त जेट धुवायचे तर काचेच्या छोट्या ग्लासात साबणपाणी आणि जेट ठेवा, आणि तो ग्लास टाकीतल्या साध्या पाण्यात उभा करा. काचेतून लहरी जातात, टाकी घाण होत नाही, जेट हरवतही नाही.

शिलाई मशीनचं शटल लोखंडी. गरम पाण्यातून काढलं की वाळता वाळता तांबूस गंज धरतं. लगेच कॉम्प्रेसरने फुंकून, हेअर ड्रायरने वाळवून तेल लावायचं. रंगवलेले आणि सोनेरी नक्षीचे भाग आत घालू नका, नक्षी उडेल. सील केलेले बेअरिंगही नाही.

मशीन घरी आल्यावर पहिले फॉइलची परीक्षा करा. स्वयंपाकाच्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी पाण्यात उभी धरायची, तळाला न टेकता, मिनिटभर. सगळीकडे सारख्या चाळणीसारख्या खुणा पडल्या तर मशीन चांगलं. एका बाजूने कोरी राहिली तर एक ट्रान्सड्यूसर मेलेला आहे, परत करा.

धागाकर्ता, बावीस दिवसांनी

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं.

तीन लिटरचं, हीटर असलेलं घेतलं. पहिलं आलं ते फॉइलच्या परीक्षेत नापास झालं. पट्टीचा डावा अर्धा भाग चाळणी, उजवा कोरा. परीक्षा माहीत नसती तर मी तेच वापरत बसलो असतो आणि दोष साबणाला दिला असता. बदलून आलेलं सगळीकडून सारखं चाललं.

बॉडी आणि जेट ५५ डिग्रीला, पाच मिनिटांच्या चार फेऱ्या. दुसऱ्या फेरीला बॉडीच्या एका नळीतून तपकिरी धूर निघावा तसा चिकटा पाण्यात उतरताना दिसला. मी खुर्ची ओढून बघतच बसलो. चौथ्या फेरीनंतर पायलट जेट उजेडाला धरला तर मध्ये सुईच्या टोकाएवढा गोल प्रकाश. आईला बोलावून दाखवला.

बॉडीचा रंग तसाच आहे, काळी पडली नाही. नवं गास्केट किट घातलं, टाकी काढून स्वच्छ केली, ताजं पेट्रोल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळतात ते) घातलं. सातव्या किकला सुरू झाली. आयडल स्क्रू लावल्यावर आता उभ्या जागी बंद पडत नाही.

एक अडचण उरली आहे. धुवून उरलेलं काळं, तेलकट पाणी. ते नालीत ओतायचं नाही हे नक्की, आमच्याकडची नाली शेवटी नाग नदीलाच जाते. सध्या जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये भरून ठेवलं आहे, वर तेलाचा थर वेगळा झाला आहे. हिंगण्याचे काका, तुमच्याकडे कारखान्यातलं तेल नेणारे परवानाधारक येत असतील, तर ते घरचा पाच लिटरचा कॅन घेतात का, तेवढं विचारून सांगाल का?