चर्चा: ‘जाणीव तिजला नाही’ असं जिच्याबद्दल गायलं गेलं, ती नदी आता पटते का?

कृष्णाकाठ
‘संथ वाहते कृष्णामाई’ (१९६७, गीत गदिमा, संगीत दत्ता डावजेकर, गायक सुधीर फडके) काल पुन्हा ऐकलं. चाल आजही काळजाला भिडते, ‘जाणीव तिजला नाही’ हे शब्द मात्र पटेनात. नदी म्हणजे निसर्ग, नदी म्हणजे काळ. काठावर कुणी रडो की हसो, ती आपल्या गतीनं चाललेली. पण आमची कृष्णा आपल्या गतीनं वाहते कुठे? उन्हाळ्यात वरून पाणी सोडलं तर पात्र वाहतं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा अख्खी सांगली विचारत होती, कोयना धरणातून विसर्ग किती, अलमट्टी धरणातून किती? नदीला निर्विकार ठरवलं की माणसं नामानिराळी राहतात. नव्या गीतकारांनी ही प्रतिमा सोडावी.

माणदेशी
साफ अमान्य. तुम्ही ध्रुवपदापाशीच थांबलात. शेवटच्या कडव्यात गदिमा काय म्हणतात? एवढं उदंड पाणी वाहतंय, कुणी ते वळवून रानात नेत नाही, मग आळशाला गंगा फळणार कशी? बोल माणसालाच लावलाय. आणि लावणारा कोण, तर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचा माणूस. पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावणारा मुलूख आमचा. नदी निर्विकार दाखवली म्हणून तर जबाबदारी काठावर येते!

रेकॉर्डवेडा
मी कृष्णाकाठ यांच्या बाजूनं. १९२७ च्या ‘शो बोट’ या अमेरिकन संगीतिकेतलं ‘ओल मॅन रिव्हर’ घ्या. काळे हमाल राबून मोडतात आणि मिसिसिपी नुसती वाहत राहते. ते गाणाऱ्या पॉल रॉबसन यांना ती हताशा सोसवेना. जगण्याला कंटाळलो, मरणाला भितो, अशा अर्थाची ओळ बदलून ते मरेपर्यंत लढत राहीन असं गाऊ लागले. अमेरिकेत शिकताना भूपेन हजारिकांवर त्यांचा प्रभाव पडला. त्यातून आलेल्या ‘बिस्तीर्ण पाररे’ या असमिया गाण्यामध्ये हजारिका थेट लुईतला, म्हणजे ब्रह्मपुत्रेला, जाब विचारतात: दोन्ही काठांवरचा आक्रोश ऐकूनही तू गप्प का वाहतेस? मला हा सवाल जास्त खरा वाटतो.

माणदेशी
पण रॉबसननी बदलली ती माणसाची ओळ. नदी शेवटपर्यंत तशीच वाहती ठेवली. ती थांबत नाही, म्हणूनच गाणाऱ्याची जिद्द दिसते.

ओवीवाली
जात्यावरच्या ओव्यांत नदी काळबिळ नसते हो, नात्यातली असते. चंद्रभागेला बायका मनातलं सांगतात. वाईला उत्सवात कृष्णाबाई घाटावर येऊन बसते, तिची ओटी भरतात. निर्विकार बाईची ओटी कोण भरेल?

कृष्णाकाठ
ओवीवाली ताई, अगदी मनातलं बोललात. माणदेशी, ते कडवं मला पाठ आहे, आणि ते माझ्याच बाजूनं बोलतं. टेंभू उपसा सिंचन योजनेनं कृष्णा उपसून तुमच्या आटपाडीपर्यंत नेली. आता कुणाच्या रानात किती पाणी, यावर भांडणं आहेत. त्या कृष्णेवर गाणं हवंय मला.

माणदेशी
लिहा की! पण आमच्याकडे पहिलं पाणी आलं तेव्हा लोकांनी कालव्यात नारळ सोडले. तेही त्यात येऊ द्या.