मदत हवी आहे: फोंतने मठ (फ्रान्स) आणि त्याचा कागद कारखान्याचा काळ

नमस्कार मंडळी,

फ्रान्समध्ये बर्गंडीत, मोंबार गावाजवळच्या एका रानातल्या दरीत फोंतनेचा मठ आहे. साधू गेल्यावर तो कुणाकुणाच्या हाती गेला यावर मी मराठीत लेख लिहितो आहे. मधल्या काळापाशी गाडी अडली आहे, म्हणून हा धागा.

आधी हाती असलेलं सांगतो. 1118 साली संत बर्नार यांनी सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा हा मठ स्थापन केला. चर्चसाठी इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या बिशपने पैसा दिला आणि 1147 मध्ये खुद्द पोपच्या हस्ते त्याचं पवित्रीकरण झालं. नक्षीकाम जवळजवळ नाहीच, नुसता दगड आणि उजेड. आवारातच साधूंची लोहारशाळा आहे. ओढ्याचं पाणी वळवून त्यावर ते लोखंड ठोकायचे घण चालवत. सोळाव्या शतकापासून मठाधिपती राजा नेमू लागला. उत्पन्न त्याच्याकडे जाई, मठात तो फिरकेलच असं नाही. तिथून उतरती कळा लागली. अठराव्या शतकात तर साधूंचं भोजनगृहही पाडलं गेलं.

राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली. 1791 मध्ये मठ विकला गेला आणि घेणाऱ्याने तिथे कागदाचा कारखाना काढला. 1820 मध्ये तो एली द मोंगोल्फिए यांच्याकडे आला. 1783 मध्ये गरम हवेचा फुगा उडवणारे दोघे भाऊ याच घराण्यातले, आणि घराण्याचा मूळ धंदा कागदाचाच. लोखंडी तारांचे झुलते पूल बांधणारे अभियंता मार्क सेगें हे एलींचे जावई, तेही इथे राहिले. 1906 मध्ये लिओंचे बँकर एदुआर एनार यांनी मठ घेतला. 1911 पर्यंत त्यांनी कारखान्याची बांधकामं पाडून मध्ययुगीन रूप परत आणलं. 1981 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे आणि मालकी अजून त्याच कुटुंबाकडे आहे.

आता माझा मुद्दा. जवळपास सगळीकडे गोष्ट साधूंकडून थेट एनारांवर उडी मारते. मधली शंभराहून अधिक वर्षं म्हणजे जणू मठाला लागलेला डाग! मला हे मनापासून खटकतं. क्लुनी या दुसऱ्या मठाचं अवाढव्य चर्च क्रांतीनंतर दगडांची खाण झालं. सितो तर सिस्टर्शियन पंथाचं मूळ पीठ, तिथलंही चर्च उरलं नाही. क्लेरवो या मठाचा तुरुंग झाला. फोंतने उभा राहिला, कारण वाहतं पाणी आणि भक्कम छप्पर या दोन्हींची कागदवाल्यांना रोजची गरज होती. 1862 मध्ये सरकारने मठाला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला, तेव्हाही कारखाना चालूच होता. त्या कामगारांबद्दल चार ओळी तरी लिहिल्याशिवाय लेख पुरा करायचा नाही, असं ठरवलं आहे.

तर जाणकारांनी कृपया सांगावं: मालकी हस्तांतराची मूळ कागदपत्रं आणि कामगारांची नावं कुठे शोधावीत? फ्रेंच वाचता येतं, पण छापील.

प्रतिसाद

विषय आवडला. फ्रान्समध्ये जुनी दप्तरं जिल्हावार असतात, तुमचं काम दीजों शहरातल्या जिल्हा अभिलेखागारात होईल. मठांचे क्रांतीपूर्व कागद 'एच' मालिकेत आणि जप्त मालमत्तेच्या विक्रीचे 'क्यू' मालिकेत बघा. पुढच्या फेरफारांसाठी नेपोलियनच्या काळात सुरू झालेल्या जमीन मोजणीच्या नोंदवह्या उपयोगी पडतील. आपल्या सातबाऱ्यासारखं त्यात कुठला तुकडा कुणाच्या नावावर ते कळतं. नकाशेही असतात, त्यामुळे एनारांनी काय काय पाडलं याचाही अंदाज येईल.

कामगारांसाठी जनगणना. मठ मार्मान्य या गावाच्या हद्दीत येतो, तेव्हा मोंबारच्या याद्या चाळू नका. 1836 पासून साधारण दर पाच वर्षांनी घरटी नाव आणि धंदा लिहिलेला सापडतो. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदींतही धंदा असतो आणि लग्नाला साक्षीदार म्हणून बऱ्याचदा कारखान्यातलेच सोबती असतात. एक सूचना: 1793 ते 1805 मधल्या दस्तांवर क्रांतीच्या पंचांगाचे महिने असतील, ते आधी बदलून घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार! मार्मान्यचं कळल्यामुळे मोठा फेरा वाचला. आधी 1836 ची यादी घेतो, मग मोजणीचे नकाशे. एक विनंती राहिली. अठराव्या शतकाच्या शेवटचं फ्रेंच नोटरीचं हस्ताक्षर वाचण्याचा सराव इथे कुणाला असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विक्रीच्या दस्ताची प्रत मिळाली की पानं पाठवेन, आणि लेखात तुमचं ऋण नावानिशी नोंदवेन.