मापात पाप आणि देवाचा न्याय: काटा सोडलेल्या माणसाचा प्रश्न

काटेवाला (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं घर आज्यापासून ख्रिस्ती. चर्च म्हणजे टिनाची एक खोली, पास्टर महिन्यातून दोनदा येतात, बाकी रविवारी मीच वाचून दाखवतो. म्हणून प्रश्न जास्त टोचतो.

दोन हंगाम मी एका व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीत काट्यावर होतो. शेतकऱ्याच्या अंगणात गाडी लावायची, ताणकाटा लटकवायचा, कापसाचं बोद, म्हणजे मोठं गाठोडं, टांगायचं. बोद टांगलं की खालून हळूच गुडघा लावायचा. दोन किलो सहज उतरतात. शेतकरी काट्याकडे पाहतो, गुडघ्याकडे नाही. मालकानं हे कधी तोंडानं सांगितलं नाही, पण ज्या दिवशी वजन 'बरोबर' भरायचं त्या दिवशी चहा मिळायचा नाही.

ते काम सोडलं. यंदा गारपीट झाली आणि त्या व्यापाऱ्याचा संत्र्याचा बगीचा झोडपून निघाला. पारावर सगळे म्हणाले, देवाच्या काठीला आवाज नसतो. मीही मनात आमेन म्हटलं. पण त्याच्या धुऱ्याला लागून एका काकूचा दीड एकर गहू होता, तोही आडवा झाला. काकू एकटी आहे, आणि माझा गुडघा तिच्याही बोदाला लागलेला. माझा चना मात्र आदल्याच दिवशी घरी आला होता, एक दाणा भिजला नाही.

मग हा कसला न्याय? नोहाचा पूर, सदोम शहरावरचा अग्नी, या बायबलातल्या देवाच्या शिक्षा मी दर वर्षी पोरांना सांगतो. पण त्यातलाच संदेष्टा आमोस वाचला की मान खाली जाते. हा गुरं राखणारा माणूस ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात सांगतो की तुम्ही माप लहान करता, खोट्या तराजूनं फसवता, गव्हाचा भुसाही विकता, आणि देव हे कधीच विसरणार नाही. जसा काही आमच्या अंगणात उभा राहून बोलतो. आजच्या काळात देवाचा न्याय गारेत शोधायचा की काट्यात?

मोवाडचा मास्तर (निवृत्त)

गारेत शोधू नका, हात जोडून सांगतो. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी आमच्या गावात शिरली. काय वाहून गेलं ते लिहीत नाही. पाणी ओसरलं आणि शहाणे लोक सांगत आले की गावानं काही तरी पाप केलं असेल. झोळीतल्या लेकरानं कोणतं पाप केलं, हे एकालाही सांगता आलं नाही.

मी ख्रिस्ती नाही, पण तुमचं पुस्तक वाचलंय. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेल्याची गोष्ट आहे. येशू विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं वाटतं काय? आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला होता. अस्पृश्यता पापच होती. तरी मी रवींद्रनाथांच्या बाजूचा. संकटाला एकदा देवाचा कोप म्हटलं की माणसाला जाब विचारणं थांबतं.

वणीचा नास्तिक

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पंधरावा अध्याय उघडा. अमालेकी लोकांची बायका-पोरं, तान्ही बाळं, बैल, मेंढरं, सगळी मारायचा हुकूम आहे. तोही देवाचा! याच्यावरून आजची नीती ठरवायची? काटा मारू नये हे समजायला वजनमापाचा कायदा पुरे.

काटेवाला

दादा, त्या अध्यायाचं समर्थन माझ्याकडून होत नाही. पास्टरांनाही विचारलं, ते बराच वेळ बोलले, मला पटलं नाही. पण त्याच बायबलात अब्राहाम सदोमसाठी देवाशी घासाघीस करतो, ५० नीतिमान सापडले तर, ४५ सापडले तर, असं करत १० वर आणतो. आमच्या बैलबाजारात व्हावी तशी. देवाला उलट विचारायची सवय मला तिथूनच लागली. आणि कायद्याचं म्हणाल, तर काटा तपासून शिक्का मारून आणलेलाच होता. शिक्का काट्यावर असतो, गुडघ्यावर नाही.

वेचणीवाली

माह्या पोरीनं वाचून दाखवलं, लिहूनही तेच देते. भाऊ, तुमी शेतकऱ्याले फसवलं, बराबर. पण शेतकरी आमाले काय करते? दिवसभर वाकून कापूस वेचा, संध्याकाळी मोजाले बसलं की फडक्याचे म्हणून अर्धा किलो काप, ओल हाये म्हणून अर्धा काप. कापूस वाळला तरी ओल जात नाई! तुमच्या त्या आमोसनं आमचं काही लिहिलं का? लिहिलं असन तं तेही वाचत जा रविवारी.

सिस्टर (ग्रामीण रुग्णालय)

ताई, लिहिलंय. दीनांना तुडवणाऱ्यांवरच त्याचा राग आहे, मग तो व्यापारी असो की मालक. आणि काटेवाले भाऊ, तुम्ही आमोसवरच अडकलात. जक्कय आठवा. जकात गोळा करणारा, म्हणजे तुमच्याच धंद्यातला. ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो, असं तो उभा राहून म्हणाला. शिक्षा कधी होईल याची वाट पाहत नाही बसला.

काटेवाला

रात्री जुनी वही काढली. काकूचे दोन वर्षांत ११ बोद. बोदामागं दोन किलो धरले तर २२, चौपट म्हणजे ८८ किलो. बाकीची नावं अजून मोजली नाहीत, पानं बरीच आहेत. परवा काकूकडे जातो. भाव त्या वर्षीचा धरू की आजचा?

वेचणीवाली

जो जास्त असन तो धरा.