मोटारीला वेसण, विमानाला मोकळं रान?

नेकारकाठी

माझ्याकडे २००८ सालची डिझेल गाडी होती, युरो ४ (युरोपच्या धुराच्या नियमांची चौथी पायरी). काचेवर हिरवा बिल्ला. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत शिरायला हा बिल्ला लागतो आणि हिरवा म्हणजे त्यातला सगळ्यात वरचा. एप्रिल २०१९ मध्ये श्टुटगार्टने आम्हा रहिवाशांच्या युरो ४ डिझेलला शहरबंदी केली. बिल्ला हिरवा तो हिरवाच, गाडी मात्र बाद. पडेल भावात विकली. घेणारा म्हणाला, पूर्वेकडे कुठेतरी जाईल, तिकडे अजून दहा वर्षं चालेल. धूर तोच, पत्ता नवा.

त्याच डिसेंबरात फ्रँकफुर्टहून मुंबईला आलो. गाडीत ओतलेल्या प्रत्येक लिटरवर मी कर भरत होतो. विमानाच्या टाकीत जे रॉकेलाचं भावंड भरतात त्यावर इंधनकर शून्य! युरोपच्या २००३ च्या ऊर्जा कर निर्देशात तशी सूटच आहे. २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने ती काढायचा प्रस्ताव आणला, पण कराच्या बाबतीत सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं. त्यामुळे तो लोंबकळतोय.

मोटारीसाठी मात्र २०२३ मध्ये कायदा झाला, की २०३५ पासून नव्या गाडीच्या नळकांड्यातून कार्बन डायऑक्साइड शून्य. मी गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. कायदा झाला तसं आमच्याकडे एक लाइन हळूहळू बंद करायचं ठरलं. आता डिसेंबर २०२५ मध्ये आयोगच म्हणतो, १०० नको, ९० टक्के कपात करू. उरलेले १० टक्के युरोपात बनलेल्या हरित पोलादातून आणि पर्यायी इंधनांतून भरून काढा. लाइन बंद करायची की ठेवायची, हे आता आमच्या मॅनेजरलाही सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की युरोपचा कायदा ज्याला पळता येत नाही त्यालाच धरतो. कोणाला वेगळं वाटतं?

ढगात गोळी

मला. मी विमान कंपनीच्या इंधन नियोजनात काम करतो, तेव्हा हितसंबंध आधीच जाहीर.

इंधनकर नाही, मान्य. पण युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या विमानांना २०१२ पासून कार्बनचे परवाने भरावे लागतात. त्यातला मोठा वाटा फुकट मिळायचा. तो २०२४ मध्ये पावपट कापला, २०२५ मध्ये निम्मा, आणि २०२६ पासून एकूण एक परवाना विकत. तुमच्या पेट्रोल-डिझेलला अशा परवान्यांचा युरोपीय बाजार अजून लागूच नाही. २०२७ ला होणार होता, तो २०२८ वर ढकलला. मग मोकळं रान कोणाला?

आणि मुंबईच्या विमानाला हा परवाना का लागत नाही, माहीत आहे का? २०१२ मध्ये युरोपने सगळ्यांनाच लावला होता. भारत, चीन, अमेरिका, रशिया सगळे तुटून पडले. आपल्या सरकारने तर भारतीय कंपन्यांना सांगितलं, युरोपला आकडेच देऊ नका. शेवटी युरोपने लांबच्या उड्डाणांपुरतं घड्याळ थांबवलं, ते अजून थांबलेलं आहे. म्हणजे ज्या सुटीवर तुम्ही रागावलाय, ती आपणच भांडून घेतलेली.

नेकारकाठी

गोळीसाहेब, भारताचा मुद्दा कबूल, तो मी सोयीस्कर विसरलो होतो. पण पेट्रोलला कार्बनचा दर नाही हे अर्धसत्य आहे. युरोपचा बाजार नसेल, जर्मनीचा स्वतःचा आहे. २०२१ मध्ये टनाला २५ युरोने सुरू झाला, २०२५ मध्ये ५५. पंपावर मी तो देतोच.

चाकण फाटा

मी पुण्याकडे याच धंद्यात आहे. नेकारकाठी, तुमचं गाडीचं दुःख समजतं, पण निष्कर्ष पटत नाही.

मोटारीचे कायदे कडक आहेत म्हणता, तर ते कडक कधी झाले बघा. २०१६ ते २०१९ या काळात युरोपातल्या नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला ११८ ग्रॅमवरून १२२ वर गेला. वाढला! कारण एसयूव्हीचा सुळसुळाट. मग २०२० ला ९५ ग्रॅमचं उद्दिष्ट लागू झालं. हुकलात तर प्रत्येक जादा ग्रॅममागे प्रत्येक गाडीला ९५ युरो दंड. दहा लाख गाड्या विकणाऱ्याने ५ ग्रॅम जास्त सोडले की साडेसत्तेचाळीस कोटी युरो. त्या एका वर्षात सरासरी १०८ च्या खाली आली आणि विजेच्या (प्लग-इन हायब्रिड, म्हणजे वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या, धरून) गाड्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांवरून अकरावर गेला. मास्तरांनी छडी उचलल्यावरच पोरांना पाढे आठवले.

आणि छडी नसताना काय होतं ते २०१५ मध्ये दिसलंच. फोक्सवॅगनच्या जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर, की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती गाडी सोवळ्यात. पकडलं कोणी? अमेरिकेने. युरोपची चाचणी तेव्हा प्रयोगशाळेतल्या रोलरवर व्हायची, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळात. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली. मग युरोपने यंत्र गाडीच्या मागे बांधून खऱ्या रस्त्यावर मोजायला सुरुवात केली. आमच्याकडे बीएस ६ आलं ते याच युरो ६ च्या पावलावर, एप्रिल २०२० मध्ये, बीएस ५ सरळ गाळून. तेव्हा झोपेचं खोबरं झालं होतं, पण झालं ते बरं झालं.

पॅरिसची पारू

चाकणभाऊ, छडी कोणाच्या पाठीवर पडते ते पण सांगा की.

२०१८ च्या नोव्हेंबरात मी इथे नवीन होते. सरकारने डिझेलवरचा कर अजून वाढवायचं ठरवलं आणि गावाकडची माणसं पिवळी जाकिटं घालून चौकाचौकांत बसली. पॅरिसवाल्याला मेट्रो आहे. ज्याच्या गावाला दिवसातून दोन बसेस, त्याने काय करायचं? डिसेंबरात करवाढ मागे घेतली. आता २०२८ ला येणारा पेट्रोल-डिझेलच्या परवान्यांचा बाजार म्हणजे तोच कर, मागच्या दाराने. सोबत ‘सामाजिक हवामान निधी’ ठेवलाय, पण पंपावरचं बिल आज येतं आणि निधी अर्ज भरून येतो.

विमानाचं म्हणाल तर नेकारकाठींशी सहमत. फ्रान्सने छोट्या अंतराची विमानं बंद केली म्हणून केवढा गाजावाजा! नागरिकांच्या परिषदेने सुचवलं होतं, रेल्वेने चार तासांच्या आत जाता येत असेल तिथे विमान नको. कायद्यात त्याचे अडीच तास झाले. २०२३ मध्ये वटहुकूम निघाला तेव्हा प्रत्यक्षात बंद झालेले मार्ग तीन: पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाहून बोर्दो, नान्त आणि लियाँ. तेही आधीपासून बंदच होते. डोंगर पोखरून निघालेला हा उंदीरसुद्धा आधीच मेलेला.

आगाऊ कार्टं

श्टुटगार्टकरांनी गाडी विकली तेव्हा रेल्वे धरायला हवी होती. पण तिथलं नवं स्टेशन २०१० पासून खोदतायत, २०१९ ला उघडणार होते. कोणाला बोगद्याच्या टोकाशी उजेड दिसला तर कळवा.

नेकारकाठी

कार्ट्या, जखमेवर मीठ चोळू नकोस.

चाकणभाऊ, तुमच्या अकरा टक्क्यांत प्लग-इन हायब्रिड कितपत आहेत? आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये अशा कितीतरी आहेत ज्यांची चार्जिंगची वायर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे. कंपनीची गाडी, कंपनीचं पेट्रोल, मग प्लग कोण लावतो! आयोगाने स्वतः खऱ्या वापराचे आकडे गोळा केले तर या गाड्या कागदावरच्या साडेतीन पट धूर सोडताना निघाल्या.

चाकण फाटा

ते खरंय, म्हणून तर त्यांच्या मोजणीचं सूत्र बदलतायत. पण पळवाट सापडली तर पळवाट बुजवा, रस्ताच कशाला उखडता? तुम्हीच वर लिहिलंय की मॅनेजरला काही सांगता येत नाही. तुमचा त्रास कडक कायद्याचा नाही हो, ढिल्या झालेल्या कायद्याचा आहे. २०३५ म्हणजे २०३५ असतं तर तुमची लाइन बंद झाली असती, पण तुम्हाला आत्तापासून दुसऱ्या लाइनवर घेतलं असतं.

बाकी तुमच्या जुन्या गाडीबद्दल: श्टुटगार्टचा नेकारटोर चौक हा जर्मनीतला सगळ्यात घाणेरड्या हवेचा म्हणून कुप्रसिद्ध होता. नायट्रोजन डायऑक्साइडची युरोपीय मर्यादा वर्षाच्या सरासरीला ४० मायक्रोग्रॅम, आणि तिथे ती कैक वर्षं ओलांडलेली. आता ती ४० च्या खाली आहे. त्या चौकात राहणाऱ्या पोरांना विचारा बंदी हवी होती का.

नेकारकाठी

लाइनवाला मुद्दा झोंबला, कारण खरा आहे. नेकारटोरचंही मान्य. पण माझी गाडी ज्या चौकात गेली तिथेही पोरं असतील ना?

ढगात गोळी

चर्चा मोटारीकडे वळली म्हणून मी जरा श्वास घेत होतो. विमानाला सोडून दिलंय असं नाही, तिथे नळकांडं बदलून भागत नाही, एवढंच. किलोभर विमान इंधनात साधारण १२ युनिट ऊर्जा असते. आजच्या चांगल्या बॅटरीत किलोला पाव-एक युनिट. बॅटरीवर मुंबई गाठायची तर विमान बॅटरीनेच भरेल आणि तुम्ही धक्क्यावर.

म्हणून इंधनच बदलायचं. २०२५ पासून युरोपातल्या विमानतळांवर पुरवलेल्या इंधनात २ टक्के शाश्वत इंधन सक्तीचं आहे. २०३० ला ६, २०३५ ला २०, २०५० ला ७०. सध्या ते बरंचसं वापरलेल्या खाद्यतेलातून येतं, म्हणजे वड्याच्या कढईत उरतं ते. साध्या इंधनाच्या कैक पट महाग. आमच्या धंद्यातली जुनी खोड म्हणजे स्वस्त ठिकाणी टाकी तुडुंब भरायची आणि महाग ठिकाणी हात वर करायचे. तीही बंद: लागणाऱ्या इंधनाचा ९० टक्के भाग वर्षाकाठी इथेच भरायचा. आणि नेकारकाठी, हे युरोपातून सुटणाऱ्या लांबच्या विमानांनाही लागू आहे, फ्रँकफुर्ट-मुंबई धरून.

पॅरिसची पारू

एवढी कढई आहे कुठे युरोपात? बाहेरूनच मागवणार. आणि कोरं तेल ‘वापरलेलं’ म्हणून खपवायला कितीसा वेळ लागतो!

ढगात गोळी

पारूताई, त्या शंका इथेही आहेत, तपासण्याही चालू आहेत. तुम्ही म्हणता ते सरसकट फेटाळत नाही.

नेकारकाठी

आईसाठी दरवर्षी येतो, त्यामुळे तिकीट महागलं तरी काढणारच. पुढच्या महिन्याचं काढलंय. गोळीसाहेब, तुमचं ते दोन टक्के तेल कुठल्या पंखात असतं सांगा, त्या बाजूची सीट घेतो. तेवढंच समाधान.

ढगात गोळी

तसं सांगता येत नाही. २०३४ पर्यंत पुरवठादाराला सगळ्या विमानतळांची मिळून सरासरी जमवायची मुभा आहे. तुमच्या विमानात एक थेंबही नसेल.

आगाऊ कार्टं

मग खिडकीची घ्या.