गावाशी नाते आणि अंगातला रक्तदाब : हा अभ्यास कोकणाला हवा आहे का?

संशोधिका, दापोली

परवा येथे एका निवृत्त गुरुजींनी लिहिले : "‘तुम्ही स्वतःला कोण समजता’ असे विचारत घरोघर फिरणाऱ्या मानसशास्त्रज्ञांवर पैसा घालवण्यापेक्षा तालुक्याला एक भूलतज्ज्ञ द्या. माणसांत राहिले की माणूस बरा राहतो, हे आमच्या आजीला प्रश्नावलीवाचून ठाऊक होते." त्या घरोघर फिरणाऱ्यांपैकी मी एक आहे. सामाजिक ओळख आणि आरोग्य यांचा संबंध मी गेली नऊ वर्षे अभ्यासते आहे. ही दोन वाक्ये मनाला लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

भूलतज्ज्ञाची मागणी मला पूर्ण मान्य आहे. माझा वाद दुसऱ्या वाक्याशी आहे. माणसांत राहणे वेगळे आणि त्या माणसांना ‘आपण’ म्हणता येणे वेगळे. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताज्फेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलमध्ये शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून गट पाडले, तरी पैसे वाटताना मुले आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. १९७९ साली त्यांनी जॉन टर्नर यांच्याबरोबर जो सामाजिक ओळखीचा सिद्धान्त मांडला त्याचा गाभा असा, की गट माणसाच्या बाहेरच राहत नाही, तो त्याच्या ‘मी’चा भाग होतो. पुढे योलांडा येटेन, कॅथरीन हॅस्लम आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी हाच विचार आरोग्यापर्यंत नेला. समोरचा आपल्यातला वाटला तर मदत मागताना मान खाली जात नाही, घेतलेली मदत उपकार वाटत नाही आणि सांगितलेले पथ्य भल्याचे वाटते. तो परका वाटला तर तेच पथ्य हुकूम वाटते.

आजीला ठाऊक होते म्हणताना आजीला कोणी विचारले होते का? हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाआधी मासळी विकणाऱ्या एका आजींपुढे मी "माझे गाव हा माझा महत्त्वाचा भाग आहे" हे वाक्य वाचले. एक ते सात असा आकडा सांगायचा असतो, पण भावना कोणी आकड्यांत बोलत नाही, म्हणून मी सात सुपाऱ्या बाळगते. जितके वाटते तितक्या पुढे सरकवायच्या. त्यांनी विचारले, "गाव कुठला? माहेरचा का सासरचा?" माझ्या कागदावर या प्रश्नाला जागाच नव्हती. मग त्यांनी सासरसाठी दोन सुपाऱ्या सरकवल्या, माहेरासाठी तीन, आणि शेजारी टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे बोट दाखवून सातही माझ्या हातात ठेवल्या. गुडघे दुखतात म्हणून मुलाने त्यांना बंदरावर जाणे बंद करायला सांगितले होते. त्याचे बरोबर की चूक, हे ठरवायला ‘माणसांत राहा’ एवढा सल्ला पुरत नाही, कारण घरीही माणसेच होती.

निवृत्त शिक्षक, राजापूर

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, तसा माझाही आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी कातळावर गुरे घेऊन गेलेल्या माझ्या धाकट्या भावाला फुरसे चावले. पहिल्या रुग्णालयात लस होती, पण ती देणारा डॉक्टर जागेवर नव्हता, म्हणून "पुढे न्या" असे सांगण्यात आले. गाडीत वाडीतले आम्ही चौघे त्याला धरून बसलो होतो, चौघेही त्याचे सख्खे म्हणावेत असे. तो वाटेत गेला. आपलेपणात काहीच उणे नव्हते, उणा होता तो डॉक्टर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कमी केले, ते रोग्याच्या ओळखीचा अभ्यास करून नव्हे, रात्र रात्र त्याच्या उशाशी बसून. कोकणाला असे संशोधन हवे आहे.

डोंबिवलीकर, मूळ गाव गुहागर तालुक्यात

गुरुजींच्या दुःखापुढे माझे बोलणे थिटे आहे, पण आपलेपणाला काही उणे नसते, हे मला मान्य नाही. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये मी आईला घेऊन गावी पोचलो आणि ज्या वर्गात मी बाराखडी शिकलो त्याच वर्गात आम्हाला चौदा दिवस ठेवले. चुलत भाऊ जेवणाचा डबा कुंपणापाशी ठेवून मागे वळून न पाहता निघून जायचा. त्याच वर्षी गणपतीसाठी येणाऱ्यांना सरकारने दहा दिवसांचे विलगीकरण सांगितले होते, आमच्या गावाने मात्र चौदाच धरले. ज्या देवळाच्या कौलांना आमच्या मुंबई मंडळाची वर्गणी लागली, त्याच्या पायरीवर टेकायलाही आईला मनाई झाली. आम्हा दोघांना एक दिवसही ताप आला नाही. माझा रक्तदाब त्या दिवसांत चढला, तो आजही गोळीवर आहे.

ग्रामस्थ, संगमेश्वर

वर्गणीचा हिशेब काढलात म्हणून लिहावे लागते. आमच्या नाक्यावर बांबू आडवा टाकून बसणाऱ्यांत मी होतो. वाडीत बहुतेक घरांत म्हातारी माणसेच राहतात आणि ऑक्सिजन मिळेल असे ठिकाण आमच्यापासून दीड तासावर होते. बांबू हेच आमचे औषध होते. गणपतीला आणि शिमग्याला तुम्ही येता, गावकीच्या बैठकीत पुढे बसून ठराव करता, पालखी कोणाच्या दारी आधी यावी यावर भांडता आणि परत जाता. मधले दहा महिने तुमच्यासारख्यांच्या आईवडिलांना डोलीत घालून रस्त्यापर्यंत आम्ही आणतो. त्या वेळी कोणाला आमचा रक्तदाब मोजावासा वाटला नाही.

डोंबिवलीकर

डोलीचे ऋण मी कधी नाकारले नाही आणि तुम्ही ते असे चारचौघांत वसूल करावे याचे मला वाईट वाटते. नाका बंद केल्याचाही राग नाही. तुम्ही लोक त्या वर्षी आम्हाला ‘मुंबईवाले’ म्हणू लागलात, त्याचा आहे. त्याआधी मी कोणाचा तरी पुतण्या होतो, कोणाचा तरी वर्गमित्र होतो.

ग्रामस्थ, संगमेश्वर

आम्हाला भीती वाटत होती. तो शब्द माझ्याही तोंडून गेला आहे आणि तो जायला नको होता. नाका बंद करणे चूक होते, असे मात्र मी आजही म्हणणार नाही.

सांख्यिकीचे प्राध्यापक, रत्नागिरी

मूळ प्रश्न बाजूला पडला आहे. या शाखेचे भारतातले सर्वांत गाजलेले काम म्हणजे प्रयागच्या २०११ च्या माघमेळ्याचा अभ्यास. ४१६ कल्पवासी, म्हणजे मेळ्यात महिनाभर व्रताने राहणारे यात्रेकरू, आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण यांची तुलना केली, तेव्हा कडाक्याच्या थंडीत आणि गर्दीत महिनाभर राहूनही कल्पवाशांचे स्वास्थ्य सुधारल्याचे दिसले. परंतु ते स्वास्थ्य त्यांनी स्वतः सांगितलेले होते आणि मेळ्याला कोणी जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. श्रद्धेने गेलेला माणूस "मला बरे वाटते" असेच सांगणार. डोंबिवलीकरांचा रक्तदाब शाळेतल्या मुक्कामाने चढला की तो आधीपासूनच होता आणि तेव्हा प्रथम मोजला गेला, हेही सांगता येणार नाही.

निवृत्त परिचारिका, मालवण

प्राध्यापकसाहेब, आकडे तुम्हाला कळतात, पण गोळ्यांची पाकिटे मी मोजलेली आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळत असूनही कित्येक पुरुष दुसऱ्या महिन्यात त्या सोडून देत. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, "आम्ही कष्टाची माणसे, बीपी बसून खाणाऱ्यांना होतो." गोळी घेणे म्हणजे आपण कष्टकरी उरलो नाही असे कबूल करणे, असे त्यांना वाटे. मी पंचवीस वर्षे त्यांना आहार आणि मीठ समजावत राहिले आणि माझे ऐकले गेले नाही. एका होडीवरच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, खलाशांसमोर गोळी गिळली, तेव्हा त्या होडीवरचे बाकीचेही घेऊ लागले. गुरुजी, डॉक्टर हवाच. पण साप चावलेल्याला आधी मांत्रिकाकडे नेणारी घरे मी पाहिली आहेत आणि तेव्हा डॉक्टर जागेवर होता.

संशोधिका, दापोली

प्राध्यापकांचा आक्षेप मला मानावा लागतो. माघमेळ्याच्या अभ्यासात मेळ्यापूर्वी आणि तो संपल्यानंतर अशी दोन्ही वेळची उत्तरे होती, म्हणून मी त्याला केवळ श्रद्धा म्हणणार नाही. तरी स्वतः सांगितलेले आरोग्य आणि यंत्राने मोजलेले आरोग्य एक नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रुप्स फॉर हेल्थ’ या, माणसांना गटांशी जोडणाऱ्या कार्यक्रमाच्या चाचणीत माणसे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागली होती आणि एकटेपणा कमी झाल्याचे आढळले, पण ते काम ऑस्ट्रेलियातले आहे. येथे तसे व्हायला हवे आणि माझ्याकडून ते अजून झालेले नाही.

नाक्यावरच्या भांडणाला मी विषयांतर मानत नाही. रोग तोच, रस्ता तोच, आणि एका महिन्यात ‘आपला’ माणूस ‘मुंबईवाला’ झाला. तो शब्द बदलताच डबा ठेवणाऱ्याची पाठ फिरली. बांबू आडवा ठेवूनही चुलत भावाला कुंपणाबाहेर उभे राहून दोन शब्द बोलता आले असते, हे मी ग्रामस्थांनाही सांगेन.

गुरुजी, तुमच्या भावाला आमच्या शास्त्राचा उपयोग झाला नसता. भूलतज्ज्ञासाठी आणि दंशावर उपचार करणाऱ्या डॉक्टरसाठी अर्ज करणार असाल तर त्यावर माझी सही घ्या.

निवृत्त शिक्षक, राजापूर

सही अवश्य घेईन. माझे मत बदललेले नाही. पैसा एकच असेल तर तो आधी डॉक्टरवर खर्च व्हावा. मात्र परिचारिकाबाईंनी लिहिले तसा एक माणूस माझ्या घरातही आहे. थोरल्या भावाने होळीपासून गोळ्या सोडल्या आहेत आणि कारण शब्दशः तेच सांगतो. माझे तो ऐकत नाही. त्याच्याशी काय बोलावे आणि कोणी बोलावे, हे कळवा.