लहान जि. प. शाळेचं हस्तलिखित वार्तापत्र: मजकूर, कागद, झेरॉक्स, सगळ्याचाच सल्ला हवा

खडूफळा (चोपडा तालुका)
नमस्कार मंडळी. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी, पट ४३, साधारण ३० घरं. आम्ही दोघी शिक्षिका. जूनपासून मुलांनी स्वतः लिहिलेलं शाळेचं वार्तापत्र सुरू करायचं आहे. एक प्रत भिंतीवर आणि एक घरोघर, असा विचार आहे. महिन्याला २०० रुपयांच्या वर खर्च झेपणार नाही. प्रिंटर नाही, झेरॉक्स बाजाराच्या दिवशी गावाबाहेरून आणावी लागते. प्रश्न असे:
१) एवढ्याशा शाळेत दर महिन्याला पान भरेल इतक्या बातम्या येतील का?
२) पहिली-दुसरीच्या मुलांना काय काम द्यावं?
३) घरी बहुतेकांची अहिराणी, सात-आठ मुलं पावरा आदिवासी, त्यांच्या घरी पावरी. भाषा कोणती ठेवावी?
४) कागद, पेन, मापं यात नेमकं काय चुकतं?

गिरणाकाठ
मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक वार्तापत्रं तिसऱ्या अंकाला तिथेच बंद पडतात. बातमी कमी पडली की सुविचार, कोडी, जयंतीचे उतारे भरले जातात. ते पाठ्यपुस्तकातून उतरवलेलं असतं हे मुलांना कळतं, पालकांनाही कळतं, आणि मग कुणी वाचत नाही. सुविचार परिपाठात झालेला असतोच, तो पुन्हा छापायची गरज नाही.

"आमच्या शाळेत वृक्षारोपण उत्साहात संपन्न झाले" ही बातमी नाही. बातमी अशी असते: "शनिवारी शाळेच्या मागे ६ कडुनिंब लावले. खड्डे दीड फूट खोल होते. २ रोपं बकरीने खाल्ली. उरलेल्या ४ रोपांभोवती बाभळीच्या काट्या लावल्या." आता पुढच्या अंकाची बातमी आपोआप तयार झाली, कारण त्या चारांचं काय झालं हे सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं. आकडा आणि पाठपुरावा या दोन गोष्टी धरल्या तर ४३ मुलांच्या शाळेत बातम्या उरतात.

कायमची सदरं तीन ठेवा, जास्त नकोत.

पहिलं, पोषण आहार. प्राथमिकला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ हे प्रमाण आहे. ४० मुलं हजर असतील तर ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ. चौथी-पाचवीच्या मुलांनी रोज हजेरी बघून हा हिशोब वहीत मांडायचा आणि महिन्याच्या शेवटी एकूण छापायचं. गणिताचा तास वेगळा काढावा लागत नाही.

दुसरं, पाऊस. दोन लिटरची सरळ भिंतीची प्लास्टिक बाटली घ्या, वरचा तिसरा हिस्सा कापा आणि उलटा करून गाळणीसारखा आत बसवा. बाटलीचा बूड उंचसखल असतो, त्यामुळे तळापासून मोजलं की माप हमखास चुकतं. बुडात खडे घाला, भिंत जिथून सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा आणि त्या रेषेला शून्य धरा. वर चढलेलं १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. झाड आणि पत्र्याच्या पन्हाळीपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. रोज ठरलेल्या एकाच वेळी वाचा. हवामान खातं सकाळी साडेआठला वाचतं, जमलं तर तीच वेळ धरा. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेषेवर आणा. आपल्याकडच्या उन्हात पाणी उडून जातं, म्हणून दोन दिवसांचं एकदम मोजू नका. पाऊस पडला नाही त्या दिवशीही ० लिहायचा. कोरी जागा सोडली तर पाऊस नव्हता की वाचायला विसरले, हे नंतर सांगता येत नाही.

तिसरं, गावातल्या एका माणसाची मुलाखत. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, पाणी सोडणारे काका, केळीच्या बागेत ठिबक जोडणारे दादा. पाच प्रश्न, त्यापुढे नको. पहिला प्रश्न कामाच्या वस्तूवर विचारायला लावा: "या चावीने काय उघडतं?" मोठ्या माणसाला "तुमच्या जीवनाबद्दल सांगा" म्हटलं की तोही भाषण देतो.

सातपुडा_पायथा
दुसऱ्या प्रश्नावर. पहिली-दुसरीच्या मुलाला मोठ्या वार्ताहराची जोडी द्या. पाचवीची मुलगी लिहील, पहिलीचा मुलगा बघेल आणि चित्र काढेल. चित्राखाली त्याने स्वतः सांगितलेली दोन वाक्यं जशीच्या तशी लिहायची. त्याला मोजायचं काम द्या: किती चपला उलट्या होत्या, हातपंपाला किती वेळा दांडा मारल्यावर पाणी आलं. लहान मुलं मोजण्यात फार चोख असतात आणि त्यांना त्याचा आनंदही होतो.

जोड्या दर अंकाला बदला. अक्षर चांगलं म्हणून एकाच मुलीकडून सगळं लिहून घेण्याचा मोह होतो. तसं झालं की दोन अंकांत ते तिचंच वार्तापत्र होतं, बाकीची ४२ मुलं फक्त वाचक उरतात.

बोरी_माय
भाषेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे.

अहिराणीत मराठीतला ळ पुष्कळदा य होतो. शाळा – शाया, डोळा – डोया, काळा – काया. दुसरीतलं मूल "शाया" लिहितं तेव्हा त्याचं शुद्धलेखन चुकलेलं नसतं, त्याने कानाला जे ऐकू आलं ते बरोबर लिहिलेलं असतं. त्यावर लाल पेनाने गोल केला की ते मूल पुढच्या वेळी तीन शब्दांची बातमी देतं. म्हणून नियम साधा ठेवा: माणूस जे बोलला ते अवतरणात, त्याच्याच बोलीत. बातमी मराठीत. ताई म्हणाल्या, "आज शायामा खिचडी व्हती," तर तसंच छापा. खाली आमची शाळा, काल शाळेत, असं मराठी येतंच. दोन्ही शेजारी दिसली की फरक मुलांच्या आपसूक लक्षात येतो.

पावरा मुलांसाठी दर अंकात एका वस्तूचं चित्र आणि तिची तीन नावं: पावरी, अहिराणी, मराठी. पावरी शब्द त्या मुलांकडूनच घ्या, घरी विचारून यायला सांगा आणि उच्चार दोन घरांतून पडताळा. देवनागरीत कसं लिहायचं हे मुलांनी मोठ्याने म्हणून ठरवू दे.

खडूफळा
बोरी_माय, ताई, एक शंका. संपूर्ण बातमीच अहिराणीत का नको? मुलांना ती जास्त जमेल.

बोरी_माय
जमेल, आणि वर्षातून एखादा पूर्ण अंक तसा काढाच. गुलाबाईच्या सणाच्या दिवसांत काढलात तर गाणी घराघरातून मिळतील. दर महिन्याला मात्र नको, कारण अहिराणी गावागणिक बदलते, आणि पावरा घरांना मग दोन्ही बाजूंनी परकं वाटतं.

गिरणाकाठ
माझं मत थोडं वेगळं आहे. पहिले दोन अंक मुलांना हव्या त्या भाषेत लिहू द्यावेत, नियम तिसऱ्या अंकापासून. आधी लिहितं होणं महत्त्वाचं.

झेरॉक्स_आणि_खळ
आता चौथा प्रश्न, मापांसकट.

घरोघरच्या प्रतीसाठी ए-फोर कागद आडवा धरून मधोमध घडी घाला. चार पानं मिळतात, प्रत्येक १४.८ × २१ सेंटीमीटर. बाहेरच्या बाजूला डावीकडे पान ४, उजवीकडे पान १. आतल्या बाजूला २ आणि ३. मुलांना लिहायला बसवण्याआधी कोऱ्या कागदाची घडी घालून त्यावर आकडे टाका आणि तो नमुना समोर ठेवा. नाहीतर पान १ च्या पाठीवर पान ४ येतं आणि सगळं पुन्हा लिहावं लागतं.

चारही बाजूंना दीड सेंटीमीटर मोकळं सोडा, झेरॉक्स मशीन कडा खातं. मुलांच्या अक्षराला ओळीत १ सेंटीमीटर अंतर लागतं. म्हणजे एका पानावर १८ ओळी, मथळा धरून. ओळीला पाच शब्द. एका पानावर साधारण ८० शब्द बसतात, त्याहून जास्त लिहून घेऊ नका. चाळीस शब्दांच्या दोन बातम्या हे माप बरोबर बसतं.

वहीचं रेघांचं पान वापरू नका, निळ्या रेघा प्रतीत मळकट पट्ट्यांसारख्या उतरतात. एका कोऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने जाड रेघा मारा आणि तो लिहायच्या कागदाखाली ठेवून चारही कोपरे चिमट्याने धरा. रेघा वरून दिसतात, शिरोरेखा सरळ येते आणि झेरॉक्समध्ये काहीच उमटत नाही.

पेन काळं बॉलपेन. निळं फिकट येतं, पेन्सिल तर निम्मी गायब होते. चित्रात रंग भरू नका. पिवळा दिसतच नाही, लाल-हिरव्याचा काळपट डाग होतो. रेषांनी छटा द्यायला शिकवा. चूक झाली तर पांढरा कागद चिकटवून वर लिहा, कडा पूर्ण दाबा, नाहीतर कडेची सावली प्रतीत काळी रेघ म्हणून येते. शिक्षकांच्या दुरुस्त्या कच्च्या कागदावरच, पक्क्यावर लाल पेन लागलं की तेही काळंच छापलं जातं.

दुकानात "पाठपोट, आखूड बाजूने उलटा" असं सांगा आणि आधी एकच प्रत काढून घडी घालून बघा. लांब बाजूने उलटलं तर आतली दोन्ही पानं उलटी येतात. पस्तीस प्रती झाल्यावर हे कळलं तर महिन्याचे पैसे गेले. एका बाजूला दोन रुपये धरले तर ३५ प्रतींचे १४० होतात. उरलेल्या ६० मध्ये भिंतीचा कार्डशीट, पेनं, गोंद.

भिंतीसाठी पूर्ण कार्डशीट २२ × २८ इंच, म्हणजे ५६ × ७१ सेंटीमीटर. त्यावर ए-फोरची चार पानं उभी, दोनाखाली दोन, नीट बसतात आणि वर ८ सेंटीमीटर शीर्षकाला उरतात. खालची कड जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर ठेवा. मोठ्यांच्या नजरेला लावलं तर पहिलीच्या मुलाला फक्त खालच्या दोन बातम्या दिसतात.

तापीकाठ
भिंतीबद्दल पुढे. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन आलं की स्केचपेनचे रंग पंधरवड्यात उडतात. बॉलपेन आणि झेरॉक्स बरेच दिवस टिकतात. व्हरांड्यातली उत्तर बाजू उत्तम.

कणकेची खळ पावसाळ्यात लावू नका. झुरळं आणि कसर येते, उधई लागली तर भिंतीपर्यंत जाते. काहीजण खळीत मोरचूद घालतात. मुलांचे हात लागतात तिथे ते विष अजिबात नको. पातळ गोंदाने कागदाला सुरकुत्या पडतात. घट्ट गोंद फक्त चार कोपऱ्यांना, बोटाच्या पेराएवढा. टाचण्या टाळा, खाली पडतात आणि मुलं अनवाणी असतात. सगळ्यात सोपं म्हणजे दोन सुतळ्या, एक वर एक खाली, आणि कपड्यांचे चिमटे. खालची सुतळी विसरू नका, मार्च-एप्रिलचा वारा कागद फाडतो.

सातपुडा_पायथा
एक नाजूक मुद्दा राहिला. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी घटते, ऊसतोडीला काही घरं बाहेर जातात. ही शाळेची खरी बातमी आहे आणि ती टाळू नये. पण आकडा द्या, नाव नको: "या आठवड्यात तिसरीत ९ पैकी ५ हजर." नाव छापलं की ते मूल परत येताना लाजतं, आणि पालक शाळा व्यवस्थापन समितीत भांडतात. गेलेल्या मुलांसाठी प्रती बाजूला काढून ठेवा. परत आल्यावर हातात तीन जुने अंक दिले की वर्गात काय झालं ते त्यांना कळतं.

गुण, आजार, घरातली भांडणं, कुणाची फी किंवा मदत, यातलं काही नाही. फोटो टाकायचे तर समूहाचे, फोटोखाली नावं न घालता. पालकांची लेखी संमती जूनच्या पालकसभेतच घ्या, सही किंवा अंगठा. व्हॉट्सअॅपच्या गटात अंक टाकणार असाल तर संमतीपत्रात ते वेगळं लिहा. कागद गावात राहतो, फोनवरचा अंक कुठेही जातो.

खडूफळा
फार उपयोग झाला. वेळेचं गणित कुणी सांगेल का? आम्ही दोघीच, त्यात ऑनलाइन माहिती भरायची कामं.

गिरणाकाठ
महिन्याला एकच अंक, आणि भिंतीवर दर शनिवारी एक ताजं पान. चार शनिवारची चार पानं म्हणजेच महिन्याचा अंक, फक्त निवडून पुन्हा लिहायचं. सोमवारी परिपाठानंतर १५ मिनिटं बैठक, जोड्यांना विषय वाटून द्या. बुधवारी कच्चं लेखन. गुरुवारी दुसऱ्या जोडीने तपासायचं: कोण, काय, कधी, कुठे, आकडा बरोबर का? शिक्षकांनी शेवटी बघायचं, आधी नाही. शनिवारी दप्तराविना शाळा असते, त्यात पक्कं लेखन आणि लावणं.

परीक्षेच्या महिन्यात दोन पानांचा काढा, पण काढा.

तुम्ही अमळनेरच्या जवळच आहात म्हणून सांगतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून रोजचा अंक काढत. रोजचा! २४ डिसेंबरला त्यांची जयंती असते. त्या महिन्यात भाषण छापण्याऐवजी मुलांना एका दिवसाचा हस्तलिखित अंक सकाळी बसवून दुपारपर्यंत काढू द्या.

झेरॉक्स_आणि_खळ
मूळ पानांना पंच मारू नका, भोकं झेरॉक्समध्ये काळी दिसतात. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरळ ठेवा, मागे महिना आणि जोड्यांची नावं पेन्सिलने लिहा. पावसाळ्यात फोल्डर लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, खालच्या खणात ओल चढते.